वाफेची तपेली आणि आईची दाढ

मित्रांनो, मी एक जुनी तपेली आहे. पोट मोठे, एक कान ढिला, बुडाशी पाण्याचा पांढरा थर. नवी होते तेव्हा माझ्यात दूध तापायचे. मग घरात मोठे पातेले आले आणि माझी रवानगी वरच्या फळीवर झाली. तिथून मला खाली उतरवले ते आजोबांचे नाक चोंदले म्हणून. तेव्हापासून मी वाफेची तपेली. घरात कुणी शिंकले की पहिली आठवण माझी. खोटे कशाला बोलू, मला त्याचा चांगलाच गर्व झाला होता.

या घरातली आई साबणाच्या कारखान्यात वास तपासते. माल पुढे जाऊ द्यायचा, की तेल खवट आहे म्हणून थांबवायचा, हे ती नुसत्या वासावरून सांगते. अकरा वर्षे त्या टेबलावर तिचा शब्द शेवटचा. तिथला नियम असा, की नाक चोंदले तर आपण होऊन सांगायचे आणि बरे होईपर्यंत खोकी बांधायला बसायचे.

यंदा सर्दी झाली, तेव्हा तिने कारखान्यात अवाक्षर काढले नाही. "एकदा टेबल सोडलं की दुसरी कुणीतरी तिथं बसेल," असे ती बाबांना म्हणाली. सकाळ-संध्याकाळ डोक्यावर टॉवेल घेऊन ती माझ्यावर वाकायची. सहाव्या दिवशी तिला बरे वाटले आणि मी फुशारून गेले. पण आठव्या दिवशी दुखणे उलटले. ताप चढला, गाल ठणकू लागला, नाकातून घट्ट पिवळे येऊ लागले. वरची दाढ तर अशी दुखायला लागली, की आईने सगळे खापर तिच्यावरच फोडले.

तरी ती कामावर जातच राहिली. टेबलावर शेजारी बसणाऱ्या नव्या मुलीने मान डोलावली की हीसुद्धा डोलावायची. हिला काय ठाऊक, की ती पोरगी हिच्याकडेच बघून मान डोलावते आहे! दोघींच्या माना डोलल्या आणि खवट तेलाचा माल थेट खोक्यांपर्यंत गेला. शेवटी खोकी बांधणाऱ्या बाईनेच नाक मुरडून तो परत पाठवला.

त्या संध्याकाळी आई घरी आली ती रडतच. "अहो, मला कसलाच वास येत नाही. नाकच गेलं तर मी करू काय?"

"आधी ती दाढ उपटून टाकू," बाबा म्हणाले. "सगळं तिच्यामुळेच चाललंय."

दाताच्या डॉक्टरांनी दाढ ठोकून पाहिली आणि ती काढायला साफ नकार दिला. दाढ ठणठणीत होती. त्यांनी दोघांना नाकाच्या डॉक्टरांकडे पाठवले. परत आल्यावर बाबांनी आजोबांना सगळे सांगितले, ते मी ओट्यावरून ऐकले.

"गालाच्या हाडात पोकळी असते म्हणे. तिची वाट नाकात उघडते. सर्दीनं ती वाट सुजली की आत घाण साचते. वरच्या दाढांची मुळं तिला अगदी लागून, म्हणून दाढ दुखते."

"मग आधीच गोळ्या का नाही घेतल्या?" आजोबांनी विचारले.

"बहुतेकदा लागत नाहीत, आपोआप बरं होतं. पण दहा दिवसांत हटलं नाही, किंवा बरं होऊन उलटलं, तर दाखवायचं. डोळ्याभोवती सूज आली, तर तडक जायचं. आता हिला गोळ्या दिल्यात, सांगितलेत तितके दिवस घ्यायच्या. नाकात मारायचा फवाराही आहे."

"आणि वाफ?"

"वाफेनं बरं वाटतं, तेवढंच. उलट उकळत्या पाण्यावर वाकून भाजायची भीती."

तेवढंच! मित्रांनो, मला फार लागले ते. पण रात्रंदिवस तिच्यासमोर होते मी, आणि तिचे दुखणे मला कळले नव्हते, हेही खरेच.

दुसऱ्या दिवशी आईने साहेबांना सगळे खरे सांगितले. साहेब चिडले, पण म्हणाले, "नाक परत आलं की टेबल तुमचंच." ती खोकी बांधायला बसू लागली. मलाही नवे काम मिळाले. नाक धुवायचे मिठाचे पाणी माझ्यात उकळून गार होऊ लागले. ताप उतरला, दाढ गप्प झाली, पण वास काही येईना. आई रोज कारखान्यातली वास लावलेली कागदी पट्टी नाकाशी धरायची आणि गुपचूप खाली ठेवायची. तिचे तोंड बघून मला भडभडून यायचे.

तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी तिने मला उचलले आणि कपाळाला आठी घातली.

"अहो, ही तपेली कुणी धुतली?"

"मी. का गं?"

"साबण नीट निघाला नाहीये. लिंबाचा वास मारतोय नुसता."

मग तिचे तिलाच उमजले, की आपल्याला वास आला. तिने माझ्या पोटात पुन्हा नाक घातले, पुन्हा घातले, आणि मला छातीशी धरून हसता हसता रडू लागली. आयुष्यात मला कुणी नावे ठेवली म्हणून इतका आनंद कधी झाला नव्हता.

मित्रांनो, नाक चोंदले तर मला फळीवरून जरूर उतरवा. पण दुखणे लपवू नका, आणि ते उलटले तर मला झाकण घालून बाजूला ठेवा आणि डॉक्टरांकडे जा. मला अजिबात राग येणार नाही.