दहावी फेक

मी एक जुना लाकडी चौकोन आहे. चित्राची चौकट नव्हे बरं का, आणि खिडकीही नव्हे. सागाच्या चार पट्ट्या, प्रत्येक बरोबर एक मीटरची, आणि मध्ये काही नाही. सौंसरच्या मोतीराम मिस्त्रींनी मला जोडलं तेव्हा दोन्ही कर्ण दोरीने चार-चारदा मोजले. "थोडाबी वाकडा नाही, मास्तर," असं म्हणून त्यांनी मला पुंडलिकरावांच्या हाती दिलं.

पुंडलिकराव कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत. माळावर काय काय उगवतं ते मोजायचं, तर सगळा माळ कसा मोजणार? म्हणून ते मला फेकत. पाठ फिरवायची, डोळे मिटायचे आणि खांद्यावरून मला मागे भिरकावायचं. मी पडेन तिथे माझ्या आतलं तेवढं मोजायचं. बघून फेकलं तर माणूस सोयीचीच जागा निवडतो, असं ते विद्यार्थ्यांना सांगत. मी गवतात पडलो, काट्यांत पडलो, एकदा तर बसलेल्या म्हशीच्या पाठीवर पडलो. त्या कामाचा मला फार अभिमान होता.

१९८७च्या मे महिन्यात आम्ही पांढुर्ण्याकडच्या एका वस्तीवर गेलो. टेकडीखालच्या सखल जागेत मँगनीजची खाण निघणार होती. परवानगीआधी तिथे कोणत्या वनस्पती आहेत, पाणथळ आहे का, हे पुंडलिकरावांनी दहा फेकींत तपासून लिहून द्यायचं होतं. खाणवाल्यांचे भैय्याजी छत्री घेऊन सोबत होते. वस्तीतली शकुबाईही कमरेला खुरपं खोचून आली होती. त्या सखल जागेत पावसाचं पाणी साठे आणि त्याच ओलीवर वस्तीची एकुलती एक विहीर उन्हाळा काढी. जागा खोदली की विहीर संपली, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

नऊ वेळा मी पडलो. नऊही वेळा माझ्या आत नुसती भेगाळलेली काळी माती. पुंडलिकराव दर वेळी तिथे खुंटी ठोकत आणि वहीत 'निरंक' लिहीत.

पण मित्रांनो, मला खालून गार लागत होतं! पाठ उन्हाने भाजत होती आणि भेगांतून ओल वर येत होती. मला ओरडून सांगावंसं वाटलं, पण लाकडाला तोंड कुठलं? नवव्या फेकीनंतर मी स्वतःवरच चिडलो.

"सर, दहावी राहू द्या न आता," भैय्याजी म्हणाले. "नऊ काय अन् दहा काय! तुमची सौंसरची बस चुकन."

पुंडलिकरावांनी घड्याळ पाहिलं. वहीत दहाचा आकडा घातला आणि पुढे पेन टेकवलं. माझा जीव टांगणीला लागला.

तेवढ्यात शकुबाईनेच मला उचललं. सकाळपासून ती सगळं पाहत होती. तिने पाठ फिरवली, डोळे गच्च मिटले आणि मला असं भिरकावलं की पडताना माझा एक कोपरा निखळला.

"पाहा, हेही रिकामंच!" भैय्याजी हसले.

"साहेब, वरतून काय पाहून राह्यले?" शकुबाई माझ्या आत उकिडवी बसली. "नागरमोथा पाण्याच्या जागीच येते, अन् उन्हाळ्यात खाली निजते. आम्ही दरसाल खोदून पांढुर्ण्याच्या जडीबुटीवाल्याले देतो."

"बाई, सर्वे वरचा होते, खालचा थोडी!"

ती खुरपं चालवतच राहिली. वीतभर खाली माती काळीकुट्ट ओली निघाली आणि तिच्यात नागरमोथ्याच्या गाठी, वासाने घमघमणाऱ्या. पुंडलिकरावांनी गुडघे टेकून मोजल्या. तेवीस.

"डोळे मिटून फेकत आलो," ते हळूच म्हणाले, "आणि पाहतानाही मिटलेलेच ठेवले."

रस्त्यावरून बस गेली. त्यांनी मान वर केली नाही. अंधार पडेपर्यंत त्यांनी आणि शकुबाईने नऊही खुंट्यांपाशी खोदलं. सात ठिकाणी गाठी निघाल्या. त्यांनी वहीतले सात 'निरंक' खोडले, शेजारी सह्या केल्या आणि खाली लिहिलं, 'पावसाळ्यात पुन्हा पाहिल्याशिवाय परवानगी देऊ नये.'

श्रावणात आम्ही परत गेलो. माझा कोपरा तारेने बांधला होता. काठावर भैय्याजी होते, वरून आलेले दोन साहेब होते आणि शकुबाई होती. पुंडलिकरावांनी पाठ फिरवली, डोळे मिटले आणि मला फेकलं. या वेळी मी जमिनीवर पडलोच नाही. मोथ्याच्या हिरव्या पात्यांमध्ये मी पाण्यावर तरंगलो! साहेबांना वाकून बघायचीही गरज पडली नाही. खाण टेकडीच्या पलीकडे गेली.

आता कॉलेजात लोखंडी चौकोन आले आहेत. मी सामानाच्या खोलीत खिळ्याला टांगलेला असतो आणि माझ्या आत कोळी जाळं विणतो. कधी वाईट वाटतं. पण तुमच्यापैकी कोणी मला खाली काढलं, तर एवढंच ऐका मित्रांनो. मला फेकताना डोळे जरूर मिटा. मी पडलो की मात्र उघडा, आणि जवळ खुरपं असू द्या.