काचेआडचा टब

मित्रांनो, माझ्यापुढे हात जोडायची घाई करू नका. मी एक जुना टब आहे. आंघोळीचा नव्हे, पाय धुण्याचा. दोन पावलं शेजारी शेजारी आरामात मावतील एवढा. अंग पत्र्याचं, वर पांढरं इनॅमल, काठाला निळी रेघ. कारखान्यातून निघतानाच माझ्या काठाचा एक टवका उडाला होता. त्यामुळे दुकानात मला कुणी हात लावेना. शेवटी चर्चच्या सिस्टरांनी मला उचललं आणि त्यांच्या वृद्धाश्रमात आणलं.

तिथे मी मावशीच्या हाती पडलो. मावशी म्हणजे तिथली आया. रोज सकाळी ती माझ्यात कोमट पाणी भरायची आणि मला एकेका खाटेपाशी घेऊन जायची. किती तऱ्हेचे पाय पाहिले मी! भेगाळलेले, सुजलेले, नखं आत वळलेले. कुणी पाय पाण्यात सोडताच डोळे मिटून घ्यायचं, कुणी मावशीला शिव्या घालायचं. ती म्हणायची, शिव्या घाला, पण पाय हलवू नका. ती फारशी प्रार्थना करताना दिसत नसे. तिला वेळच नसे.

सगळ्यांत जास्त वेळ ती सुतारकाकांना द्यायची. काकांना साखरेचा आजार. त्यांचे पाय इतके बधिर झाले होते की विस्तव पडला तरी कळलं नसतं. उजव्या टाचेला जुनी जखम होती आणि घोटा आखडलेला, त्यामुळे तो पाय बादलीत शिरायचा नाही. माझ्यात मात्र तो ऐसपैस बसायचा. मावशी एकेक बोट पुसायची आणि मग तळव्यावरून अंगठा फिरवायची. पायाला कळत नाही, मग माझ्या अंगठ्याला तरी कळू दे, असं तिचं म्हणणं. डॉक्टरांनी बजावलं होतं की हा पाय रोज धुतला आणि नीट पाहिला तरच टिकेल. तो टिकला होता. मला त्याचा अभिमान होता, आजही आहे.

मग तो गुरुवार आला. येशूला क्रुसावर चढवलं त्याच्या आदल्या दिवशी त्याने कमरेला पंचा बांधून शिष्यांचे पाय धुतले. त्याची आठवण म्हणून दर वर्षी चर्चमध्ये बारा जणांचे पाय धुतात. त्या वर्षी हे काम करायला स्वतः बिशपसाहेब येणार होते. त्यांनी निरोप पाठवला की चांदीचं भांडं नको, रोजच्या वापरातलं आणा. माझी निवड झाली. पत्र्याची का होईना, पण छाती फुगलीच माझी.

बिशपसाहेबांच्या हाताला घाण लागू नये म्हणून मावशीने सकाळीच सगळ्या निवडलेल्यांचे पाय वासाच्या साबणाने धुतले. त्यांत काकाही होते. कोरा सदरा घालून ते केव्हापासून तयार बसले होते. मोठ्या सिस्टरने त्यांच्या टाचेची पट्टी पाहिली आणि अगदी गोड आवाजात सांगितलं की तुम्ही राहू द्या. त्यांच्या जागी वॉचमन बसला. वॉचमनचे पाय माझ्यापेक्षा देखणेच आहेत, असं म्हणून काका हसले. मग भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

बिशपसाहेबांनी प्रवचनात मला हातात धरून उंच केलं. खरी सेवा पाहायची असेल तर हा टब पाहा, असं ते म्हणाले. माणूस मनापासून बोलत होता. पण ऐकणाऱ्यांनी काय करावं? त्यांनी टबच पाहिला. विधी संपल्यावर मला हात लावायला रांग लागली. एका आजीने तर माझा मुका घेतला. मोठ्या सिस्टरच्या डोळ्यांना धार लागली आणि तिने तिथल्या तिथे ठरवलं की यापुढे हा टब कुणी वापरायचा नाही. प्रार्थनेच्या खोलीत काचेच्या कपाटात ठेवायचा. पाय धुवायला कमिटीकडून नवा मागवू.

कपाट कुणी केलं असेल? सुतारकाकांनी. कितीतरी वर्षांनी कुणीतरी त्यांच्याकडे काम घेऊन आलं होतं. स्टुलावर बसून त्यांनी फळ्यांना रंधा मारला, काच बसवली, कुलूप लावलं. चार दिवस पाय राहू दे, नवा टब येतोच आहे, असं त्यांनी मावशीला सांगितलं. मी समोरच्या टेबलावर होतो. त्यांच्या हातून एक बारीक खिळा पडला आणि पुढच्याच पावलाला झिजलेली चप्पल भेदून उजव्या टाचेच्या पट्टीतून आत रुतला. काका गुणगुणत चालत राहिले. मला तोंड असतं तर मी खोली डोक्यावर घेतली असती.

मला कपाटात ठेवलं आणि किल्ली सिस्टरच्या खिशात गेली. नवा टब काही आला नाही. पट्टी सोडण्याआधी मावशीने बादलीत पाय घालून पाहिला, पण घोटा वळेना. मग ती सरळ सिस्टरपुढे जाऊन उभी राहिली.

"सिस्टर, टब द्या. काकांचा पाय धुवायचाय."

"अगं, बिशपसाहेबांनी हाताळलाय तो. त्यात आता जखमेचं पाणी ओतायचं?"

"येशूने काय धुतलेले पाय धुतले होते, सिस्टर?"

सिस्टरचा चेहरा पांढरा पडला. दुसऱ्या दिवसापासून मावशीची रवानगी स्वयंपाकघरात झाली आणि वॉर्डात पाऊल टाकायचं नाही अशी ताकीद मिळाली. तिच्या जागी आलेल्या आयेला वासाने मळमळायचं. ती जुन्या पट्टीवरच नवी पट्टी गुंडाळून मोकळी व्हायची.

काकांना ताप चढला. आणि मित्रांनो, आता मी सांगतो ते सांगताना मला लाज वाटते. सिस्टर संध्याकाळी सगळ्यांना घेऊन माझ्यासमोर आली. मेणबत्ती लावली, गुडघे टेकले आणि काकांचा पाय वाचव म्हणून देवाला विनवू लागली. ती रडत होती, आणि ते रडणं खोटं नव्हतं. त्या दिवशी तिने उपासही धरला होता. किल्ली तिच्या खिशातच होती. रोज संध्याकाळी प्रार्थना व्हायची, आणि पलीकडच्या खोलीत तो पाय कुजत होता.

डॉक्टर आले तेव्हा फार उशीर झाला होता. पट्टी सोडल्यावर खिळा निघाला. त्यांनी तो सिस्टरच्या हातावर ठेवला आणि विचारलं, "इतके दिवस हा पाय कुणी पाहिलाच नाही?" सिस्टर म्हणाली, "आम्ही रोज प्रार्थना केली." काकांचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

पुढच्या वर्षी पुन्हा तो गुरुवार आला. मला काढलं, पुसलं, चर्चमध्ये नेलं. या वेळी पहिल्या खुर्चीवर सुतारकाकांना बसवलं होतं. आता जखम उरली नव्हती, बिशपसाहेबांच्या हाताला काही लागणार नव्हतं. त्यांनी काकांचा डावा पाय धुतला, पुसला, त्याचं चुंबन घेतलं. मग सवयीने उजव्यासाठी हात पुढे केला आणि तो हात तसाच राहिला.

काका हळूच म्हणाले, "तो गेल्या वर्षी तयार होता, साहेब."

बिशपसाहेबांची मान खाली गेली. पण मागे रांग थांबली होती, तेव्हा ते पुढच्या खुर्चीकडे सरकले. मला पुन्हा कपाटात ठेवलं. कपाट इतकं चोख बनवलं आहे की आत धूळसुद्धा येत नाही.

मित्रांनो, तुम्ही कधी या खोलीत आलात तर माझ्यासमोर मेणबत्ती लावू नका. काच फोडा आणि मला पाणी भरून वॉर्डात न्या. प्रार्थना जरूर करा. पण ज्याच्यासाठी करता, त्याच्या पायाची पट्टी आधी सोडून पाहा.