पत्र्याचा माळा

खंडेरावाला ओलं होणं मुळीच सोसत नसे. पायमोजा जरासा दमट लागला तरी हा गडी दिवसभर शिंकायचा आणि प्रत्येक शिंक बायकोला ऐकू गेली की नाही याची खात्री करून घ्यायचा. म्हणून लाडकीच्या भाताची राखण मी करतो, असं त्याने छातीवर हात मारून सांगितलं, तेव्हा गोजराबाईने भाकरी तव्यावर तशीच करपू दिली.

"तुमी? शेतातल्या माळ्यावर? पावसात?"

"का? मी काय मिठाचा आहे?"

"मीठ बरं. ते विरघळताना बोंबलत तरी नाही."

खंडेराव मूळचा परभणीकडचा. तीस वर्षं तारापूरच्या एमआयडीसीत एका कापड कंपनीत लूम चालवून तो निवृत्त झाला आणि पाम गावात दोन खोल्यांचं घर बांधून राहिला. घरामागे लाडकीचं शेत. लाडकी वारली जमातीची बाई, एकटी, हाडाची कष्टाळू. शेताच्या कडेला एका पट्ट्यात ती वासाचा भात लावायची. त्याचं नाव विचारलं तर "आयचा भात" एवढंच सांगायची, कारण बी तिच्या आईकडून आलेलं. एकदा तिने खंडेरावाला तो भात वाढला होता. नुसता, वर मीठसुद्धा नाही. खंडेरावाने तीनदा घेतला आणि चौथ्यांदा लाज वाटली म्हणून थांबला.

गेल्या साली त्या पट्ट्यात रानडुकरं शिरली. उरलं ते एक मडकंभर बी. लाडकीने सगळे पाडे पालथे घातले, नातेवाइकांना विचारलं, कुणाकडे दाणा नाही. जो तो दुकानातलं बी लावणारा. यंदा ते मडकंभर बी तिने पेरलं होतं आणि दसरा होऊन गेला तरी पाऊस जायचं नाव घेत नव्हता, म्हणून कापणी लांबली होती. त्यातच तिची लेक सपना बाळंतपणासाठी पालघरच्या दवाखान्यात दाखल झाली. लेकीपाशी तीन दिवस तरी राहायला हवं होतं.

"राती जिवल्या बसल माल्यावर," ती म्हणाली. जिवल्या तिचा भाऊ, बोईसरला कंपनीत कामाला. "पन तो कामावरना येतो नवाला. डुकरा येतात दिवस बुडताना. तवाच कोन नाय."

"म्हणजे सेकंड शिफ्टच की! ती माझी," खंडेराव म्हणाला.

"दादा, हा गेला तर मंग कुठं नाय मिलायचा."

"अगं बाई, दाणा हलू देणार नाही."

लाडकीने त्याला आपलं इरलं दिलं. बांबूच्या कामट्यांचं आणि पानांचं, डोक्यावरून पाठीवर येणारं. आणि सांगितलं, नुसतं बसायचं, कान द्यायचा, पाय वाजला की डबा बडवायचा. डुकराला मारायचं नाही, भ्यायला लावायचं. एवढं सांगून ती रिक्षात बसली.

आता लाडकीचा माळा कसा? चार वासे, वर बांबूची चटई, त्यावर पळसाच्या पानांचं छप्पर आणि त्या छपरातून आभाळ दिसायचं. खंडेराव शिडीने वर चढला, बूड टेकवलं आणि पँट ओली झाली. तो तसाच खाली उतरला.

पुढचे दोन तास त्याने जे केलं ते बघायला अर्धं पाम जमलं. घर बांधताना उरलेले दोन पत्रे त्याने माळ्यावर चढवले. कंपनीतून कधीकाळी आणलेला फोम अंथरला. तिन्ही बाजूंनी प्लास्टिकचा कागद ठोकला. गमबूट, कानटोपी, डासांची अगरबत्ती, चहाचा थर्मास आणि डब्यात शेंगदाण्याची चटणी-भाकरी. गोजराबाई खालून बघत होती.

"आणखी काही राहिलं का? पाळणा आणू?"

"तुला काय कळतंय? माणूस कोरडा असला की लक्ष टिकतं."

कामावर निघालेला जिवल्या सायकल थांबवून पत्र्याकडे बघत राहिला. "दादा, पावसात ऐकाला येल का?"

"अरे, तीस वर्षं लूममध्ये काढलीत. दोनशे मशिनी चालू असताना कुठला धागा तुटला ते सांगायचो मी!" खंडेराव म्हणाला. यातलं निम्मं खोटं होतं.

पहिल्या संध्याकाळी पाऊस आला नाही, डुकरंही आली नाहीत. खंडेरावाने चहा प्यायला, भाकरी खाल्ली आणि रात्री लाडकीला फोनवर राखणीची अशी काही वर्णनं ऐकवली की तिला वाटलं असेल दादाने वाघ परतवला. सपनाला मुलगी झाल्याचं तिने सांगितलं. दोघंही खुशीत होती.

दुसऱ्या दिवशी पाच वाजता आभाळ फुटलं. पत्र्यावर पाऊस असा कोसळू लागला की विचारूच नका. कुणी दुसरा असता तर कानात बोटं घालून बसला असता. पण खंडेरावाचं उलटं झालं. तडतड, तडतड, एकसारखी. अगदी लूमचा आवाज! तीस वर्षं ज्या आवाजात तो जेवला, हसला, भांडला, मशिनीला टेकून उभ्या उभ्या पेंगला, तो आवाज परत भेटला होता. अंग कोरडं, पोटात गरम चहा, पाठीला फोम. झोपला म्हणाल तर झोपला नाही, शप्पथ. डोळे उघडेच होते. पण त्याला इतकं बरं वाटत होतं, इतकं बरं, की आपण कशासाठी बसलोय तेच तो विसरला.

पाऊस थांबला. पत्रा गप्प झाला आणि त्या शांततेत त्याला कचाकचा चघळल्याचा आवाज आला. अगदी माळ्याखालून.

त्याने प्लास्टिक ओरबाडून बॅटरी मारली. सात-आठ काळ्या पाठी. "हुर्रर्र! हट्! हट्!" तो डबा बडवत ओरडला. डुकरं पळाली, पण कशी? जेवून उठलेल्या पाहुण्यांसारखी, सावकाश. तो शिडीवरून घसरतच उतरला. निम्म्याहून जास्त पट्टा आडवा झाला होता. लोंब्या चिखलात तुडवलेल्या.

खंडेराव बांधावर मटकन बसला. चिखलात, गमबुटांसकट. ओलं लागतंय याचं भानही त्याला उरलं नाही. इतकी लाज त्याला जन्मात वाटली नव्हती.

त्याच वेळी फोन वाजला. "दादा, भात हाय ना?"

"आहे," तो म्हणाला. खोटं नव्हतं, आणि खरंही नव्हतं. नऊला जिवल्या आल्यावर त्याने घरी जाऊन सगळं सांगितलं. गोजराबाईने कधी नव्हे ती थट्टा केली नाही. "तिला तुमीच सांगा," एवढंच म्हणाली. "दुसऱ्याकडून कळलं तर तोंड दाखवायला जागा राहणार नाही."

तिसऱ्या दिवशी दुपारीच त्याने पत्रे उतरवले, फोम आणि प्लास्टिक घरी आणून टाकलं. जिवल्याने सकाळी कामावर जाण्याआधी आणून दिलेल्या पळसाच्या पानांनी छप्पर नीट केलं, तरी ते गळायचं तिथे गळलंच. त्याने इरलं डोक्यावर घेतलं आणि चार वाजता वर जाऊन बसला. पाऊस आला. पानांवर पडला तो हळू, भुरभुर. मानेवरून पाणी आत शिरलं, पाठीवरून कमरेत गेलं. गुडघे ठणकू लागले. पण ऐकू येत होतं सगळं! बेडूक कुठला, पाट कुठला, वाऱ्याने हललेली फांदी कुठली. अंधारून येताना बांधापलीकडे चिखलात पाऊल रुतून निघाल्याचा आवाज आला. पचक. मग आणखी एक.

खंडेराव असा काही ओरडला की गोजराबाई घरातून काठी घेऊन पळत आली. डबा चेपेपर्यंत त्याने बडवला. डुकरं बांध ओलांडायच्या आतच उधळली. नंतर आणखी दोनदा आली, दोनदा हाकलली. नऊ वाजता जिवल्या आला तेव्हा हा माणूस थंडीने कुडकुडत होता, तरी उतरायला तयार नव्हता.

सकाळी लाडकी रिक्षातून उतरली, तसा खंडेराव आडवा गेला. शेत बघायच्या आधी सांगायचं, असं त्याने ठरवलंच होतं. पत्रा, फोम, चहा, लूमचा आवाज, फोनवरचं ते "आहे", सगळं सांगितलं. "माझ्यामुळे गेलं गं बाई," तो म्हणाला. "मी आरामात बसलो होतो."

लाडकी तशीच शेतात गेली. आडवा पट्टा बघितला, उभा पट्टा बघितला. एका जागी बसून चिखलातली लोंबी उचलली, झटकली, कमरेला खोचली. मग विळा आणायला घरी गेली. तिने शिव्या दिल्या असत्या तर खंडेरावाला बरं वाटलं असतं.

दोन दिवसांनी ऊन पडलं, कापणी झाली, झोडणी झाली. जे उरलं त्यात सपनाच्या बाळंतपणाला भात होणार नव्हता. बियाण्यापुरतं मात्र होतं. संध्याकाळी लाडकी खंडेरावाच्या दारात आली. हातात फडक्यात बांधलेलं गाठोडं. ते तिने त्याच्या ओंजळीत ठेवलं.

"आर्धा बी हाय. ठेव तुज्याकडं. आता एका घरात नाय ठेवायचा."

"मला देतेस?" खंडेराव दचकला. "गोजराला दे. नाहीतर जिवल्याला. मी काय केलं ते बघितलंस ना?"

"जिवल्याचा कवा काय गेला नाय," लाडकी म्हणाली. "तो इसरल. तू नाय इसरायचा."

एवढं बोलून ती गेली, बाळंतिणीसाठी डिंक आणायचा होता तिला. खंडेराव दारातच उभा राहिला. तीस वर्षांत त्याच्या हाती पगार आला होता, बोनस आला होता, निरोपाचं घड्याळसुद्धा आलं होतं. बी कुणी दिलं नव्हतं. गोजराबाईने आतून हाक मारली, तरी तो आत गेला नाही. तो रडत होता आणि दोन्ही हात गुंतल्यामुळे त्याला डोळे पुसता येत नव्हते.