भिडेपायी

गावात पहिल्यांदा बस येणार होती, त्या आठवड्यात उज्वलाचा पाय घरात ठरत नव्हता. दूध तापायला ठेवायची आणि रस्त्यावर जाऊन उभी राहायची. दूध उतू गेलं की तिचे सासरे खंडेराव ओट्यावरून ओरडायचे, "अगं, बस आली की हारन वाजवंल! दुधाला हारन हाय का?"

पण तिचा जीव टांगणीला लागला होता, ती तरी काय करणार? तिच्या वेदिकेचा नाशिक रोडला नर्सिंगला नंबर लागला होता. करंजथडीहून जायला एकच साधन, समाधानची जीप. सकाळी भरली की निघायची, दुपारी भरली की परतायची. कॉलेज सुटायचं संध्याकाळी. "माघारी यायला गाडी नाय, तर पोरगी जायची नाय," खंडेरावांनी एकदाच सांगितलं होतं. उज्वलाचा नवरा बापापुढं हूं का चूं करणारा नव्हे. शहराची बस यायची, पण सायखेड्यापर्यंतच. तिथून गावचा रस्ता उसातून, आणि अंधारात एकट्या पोरीला त्या रस्त्यानं कोण येऊ देईल?

मग काय, बाईनं पदर खोचला. शेवंती खुडताना बस, हळदीकुंकवाला बस, मयतीला गेली तर तिथंही जरा दम धरून बसचाच विषय. माणसं तिला बघून वाट बदलायला लागली! पण ग्रामसभेत सगळ्यांचे हात वर झाले. एरवी पाणीपट्टीचं नाव काढलं की डुलक्या घेणाऱ्यांचेसुद्धा. डेपोतले साहेब म्हणाले, आठ दिवस सकाळ-संध्याकाळ गाडी आत पाठवतो. माणसं बसली तर कायम, नाहीतर बंद.

पहिल्या दिवशी बस आली. नारळ फुटला, ड्रायव्हरला हार घातला, पोरांनी टाळ्या पिटल्या. आणि पाराला खेटून समाधानची जीप उभी, रोजच्यासारखी.

हा समाधान उज्वलाचा चुलतदीर. भांडखोर असता तर बरं झालं असतं हो! भांडखोर माणसाला तोंडावर नाही म्हणता येतं. हा पडला गोड. कुणाला साप चावो, कुणाची बाळंतीण अडो, हा अंगावरच्या बनियनवर उठून गाडी काढायचा आणि डिझेललासुद्धा हात पसरायचा नाही. गावात असं घर नव्हतं ज्याच्यावर त्याचे उपकार नव्हते. त्यानं कुणाला अडवलं नाही. नुसतं म्हणाला, "चला तात्या, जागा हे." तात्या बसले. तात्या बसले म्हणून काकू बसल्या. उज्वला फुलांची पाटी घेऊन बसच्या पायरीकडे वळली, तोच हाक आली, "वहिनी, पुढं बसा ना. तुमच्यासाठीच ठेवलीय जागा."

आणि आता बोला! जिनं गावभर बस बस करून लोकांचे कान किटवले, ती बया जाऊन जीपमध्ये पुढं बसली.

सायखेड्याच्या अलीकडं बस मागून आली, आणि रिकामी खडखडत पुढं निघून गेली. कंडक्टरनं खिडकीतून बघितलं. उज्वलानं मान खाली घातली. भीड भिकेची बहीण म्हणतात ते काही खोटं नाही. घरी वेदिकेनं विचारलं, "आई, तूच बसली नाहीस?" तिला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

दुसऱ्या दिवशी ती बाजारालाच गेली नाही. ना जीप, ना बस, शेवंती गेली वाळून. पुढचे दिवसही तसेच. ती बांधावरून बघायची, बस यायची, थांबायची, दोन पोरं चढून उतरायची आणि बस जायची. माणसं जीपमध्ये दाटीवाटीनं बसायची आणि बसकडे बघायची पण नाहीत. सातव्या दिवशी कंडक्टरनंच तिला गाठलं. "ताई, उद्याची शेवटची फेरी. उद्या तरी गाडी भरली, तर डेपोत तसं सांगता येईल."

ती तशीच समाधानकडं गेली. तो जीप धूत होता.

"भाऊजी, उद्याच्या दिवस गाडी घरी ठेवा ना."

"वहिनी, मी कुणाचा हात धरलाय का?" तो म्हणाला. आज तो हसला नाही.

हात त्यानं धरलाच नव्हता, तीच तर अडचण होती. उज्वला तिथून निघाली ती थेट मळ्यात, समाधानच्या आईकडं. आक्काबाई मेथीच्या जुड्या बांधत होती.

"आक्का, गावात समाधानभाऊजींची भीड नसलेलं एकच माणूस हाय. तुम्ही. तुम्ही बसमधी बसा, गाव मागनं येतंय."

आक्काबाईनं जुडी बांधून पाण्यात बुडवली. "म्हंजी माझ्याच पोराच्या पोटावर मी पाय द्यायचा?"

"व्हय," उज्वला म्हणून गेली. तोंडून निघाल्यावर तिचं तिलाच भ्या वाटलं.

"जा घरी," आक्काबाई म्हणाली.

शेवटच्या सकाळी उज्वला वेदिकेला घेऊन पारावर आली. पोरीनं नवा ड्रेस घातला होता. जीप भरत आली होती. समाधाननं पुढचं दार उघडलं. "वहिनी..."

"नको भाऊजी. मी बसनं जाते."

सगळा पार वळून बघायला लागला. समाधानचं तोंड एवढंसं झालं. उज्वला पोरीचा हात धरून बसमध्ये चढली, खिडकीशी बसली आणि वाट बघत राहिली. कुणी आलं नाही. मघाशी रामराम घालणारी माणसं आता जीपच्या टपाकडे बघत होती. ड्रायव्हरनं इंजिन सुरू केलं. संपलं, तिला वाटलं. पोरीचंही संपलं आणि दीरही दुखावला.

तेवढ्यात गल्लीतून आक्काबाई आली, डोक्यावर मेथीचं गाठोडं. ती सरळ जीपपाशी गेली. समाधाननं गाठोडं घ्यायला हात पुढं केला.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "मी बसनं चालले."

"आई!"

"पोरी शिकाया जाऊ दे, बाबा," एवढंच म्हणून ती पायरी चढली.

मग तात्या उतरले. काकू उतरल्या. एकेक जण मान खाली घालून समाधानसमोरून गेला आणि बसमध्ये चढला. उभं राहायला जागा उरली नाही. वेदिकेनं आईचा दंड गच्च धरला, आणि उज्वलाला हसावं की रडावं कळेना. बाहेर समाधान उघड्या दाराला हात लावून उभा होता. रिकाम्या जीपकडे त्यानं एकदाही बघितलं नाही, तो आईकडेच बघत होता. उतरून त्याच्यापाशी जावं असं उज्वलाला फार वाटलं. पण ती उतरली नाही.

कंडक्टरनं घंटी मारली. आक्काबाई उज्वलाला सरकवून शेजारी बसली आणि गाठोडं मांडीवर घेतलं.

"तुझ्या पोरीचं झालं," ती म्हणाली. "आता माझ्या पोराचं काय करायचं, ते सांग."

"बघू ना आक्का, काढू काहीतरी..."

"बघू नाय. नाशिक रोड येईस्तवर सांग. तवर मीबी उतरत नाय, आन् तुलाबी उतरू देत नाय."

उज्वलानं खिडकीबाहेर बघितलं, तर सायखेडा आलासुद्धा.