पुढचे हात

टेम्पोतून बुद्धमूर्ती उतरवून तास होऊन गेला होता, पण तासाभरात ती हातभरही सरकली नव्हती. विहाराचं दार जेमतेम वीस पावलांवर. चार वाजता भंतेजी येणार, त्याआधी मूर्ती चौथऱ्यावर बसायला हवी होती. खाली जाड फळी, फळीखाली लोखंडी पाइप, बिलोलीतली ती गल्ली नव्या सिमेंटची, गुळगुळीत. तरी सरकेना.

मनिषा समोरच्या पायरीवर धम्मप्रियाला पदराखाली घेऊन पाजत बसली होती. तिचा दीर संघपाल मागून रेटणाऱ्यांना हाका देत होता. कुणी म्हणालं पाइप जाड पाहिजेत, म्हणून ते बदलले. कुणी पाइपांना खोबरेल चोपडलं. एकानं तर टेम्पोवाल्यालाच दोष दिला, उतरवतानाच मूर्तीची दिशा चुकली म्हणे.

लेकरू पिता पिता पेंगलं आणि मनिषाची नजर माणसांच्या पायांवर गेली. मागच्या सात-आठ जणांनी चवडे रोवले होते, आणि पुढच्या बायांनीही. मूर्तीच्या मांडीला, गुडघ्याला, फळीच्या काठाला त्यांचे तळवे घट्ट टेकलेले. आपल्या विहारात बुद्ध येतोय आणि आपला हात लागला नाही, हे कुणाला चालणार होतं? शिवाय संगमरवर पुढं कलंडेल ही धास्ती. मागून जितका जोर, तितकाच पुढून. दोन्हीकडची माणसं सारखीच घामाघूम आणि मूर्ती मधे शांत.

सातवीच्या पोरांना ती हे दरवर्षी शिकवायची, वर्गातला बाक दोन्हीकडून ढकलायला लावून. इथं मात्र सगळ्यात पुढं तिची सासू उभी होती. या मूर्तीसाठी चांगुणाबाईंनी सहा वर्षं दर रविवारी गल्लीतल्या बायांना गोळा केलं होतं. त्यांना हात काढा म्हणायचं कसं? संघपालला सांगावं, तर तो चारचौघांत ओरडून सांगणार.

साडेतीन झाले. तिनं झोपलेलं लेकरू शेजारणीच्या मांडीवर दिलं आणि सासूच्या कानाशी गेली.

"आत्या, हात काढा जरा. तुमच्या जोरानं थांबून राहिली ती."

"मी तर धरून राहिले. पडली म्हंजे?"

"बूड रुंद हाय, न्हाई पडत. या इकडं बाजूला."

चांगुणाबाईंनी तिच्याकडं डोळे वटारून पाहिलं. आता हे वर्षभर ऐकावं लागणार, असं मनिषाला वाटलं. पण हात निघाले. त्यांचे निघाले तसे बाकीच्या बायांचेही एकेक करून निघाले. मागच्यांनी मघासारखाच रेटा दिला आणि मूर्ती अशी सुटली की दोघं तोंडावर पडता पडता राहिले. खोबरेलानं काम केलं, असं संघपालनं जाहीर केलं. मनिषानं ते राहू दिलं.

दारापाशी वेगळीच गत. रस्ता दोनदा थर चढवून उंच केल्यामुळं विहार खाली गेलं होतं, म्हणून आत उतरायला फळ्यांचा उतार केला होता. तिथं ढकलायचीच गरज नव्हती, मूर्ती आपल्याच वजनानं धावली असती.

मनिषानं मागच्यांना थांबवलं, फळीला बांधलेला दोर ताणून धरायला सांगितलं. मग ती वळली. "आत्या, सगळ्या जणी पुढं या. आता टेका हात."

आठ जणींचे तळवे पुढून, मागून दोर. मूर्ती एकाच संथ चालीनं उतरली, ना वेग वाढला ना कुठं अडली. चौथऱ्यावर चढवायचं काम साखळी-कप्पीवाल्यांनी केलं.

चांगुणाबाई भिंतीला टेकून बसल्या. मनिषा शेजारी येऊन बसली.

"म्हंजे तासभर मीच अडवून राहिले होते म्हण की."

"हाव," मनिषा म्हणाली. खोटं बोलवेना. "पण उतारावर तुम्हीच सावरली. जोर तोच होता, आत्या."

चांगुणाबाईंनी आपले लाल झालेले तळवे उलटसुलट करून पाहिले.

"मग एवढा वेळ पायरीवर बसून काय करून राहिली होतीस?"

"तुम्हाला सांगायचा धीर गोळा करून राहिले होते."

चांगुणाबाई हसल्या, गुडघ्यावर हात देऊन उठल्या आणि नातीला शेजारणीकडून आणायला स्वतःच निघाल्या.