उरलेल्या गोळ्यांचा डबा

“नवी डॉक्टरीण म्हणे साठीच्या वरच्यांले गोळ्याच देत नाही. वरून हुकूम आहे, म्हाताऱ्यांले...”

गल्लीतली एक बाई ओट्याशी सांगत होती; पुढचं कुकरच्या शिट्टीनं खाल्लं. मी तेव्हा फ्रिजवर होतो. मी मनीषनगरातल्या गोपिकाबाईंचा पत्र्याचा डबा. झाकण घट्ट बसत नाही, म्हणून मला सगळं ऐकू येतं.

या घरात मी आलो तो बिस्किटं घेऊन. ती आल्या दिवशीच संपली. मग बाईंनी माझ्यात उरलेल्या गोळ्या टाकायला सुरुवात केली. कोणाचा ताप उतरला, पट्टी डब्यात. कोणाची दाढ दुखायची थांबली, पट्टी डब्यात. फेकायला जीव होत नाही ना! आणि बाई मायाळू. शेजारी कोणी शिंकलं की मला काखेत मारून निघाल्याच. मला मात्र या लोकांचा संताप येतो. डॉक्टरला शिव्या देतात अन् पत्र्याच्या डब्याला हात जोडतात!

त्याच आठवड्यात शेजारचे चंपतराव खोकत आले. जन्मभर कळमन्याच्या बाजारात धान्याची अडत केलेली, त्यामुळे आवाज अजून लिलावातलाच.

“पाह्य वं गोपिका, ते अरुंधती डॉक्टरीण मले म्हणते, साधी सर्दी आहे आजोबा, वाफ घ्या. जोरदार गोळी मागितली तर नाही म्हणते! काहून? म्हातारा मेला तरी चालते काय?”

“कायले डोकं तापवता काका? माह्याजवळ आहे न.”

झाकण उघडलं. लाल-पिवळ्या कॅप्सूल. कोणाच्या होत्या, कशाच्या होत्या, कोणी विचारलं नाही.

खोकला गेला. तो जाणारच होता. पण चंपतरावांनी गल्लीभर डॉक्टरणीची अब्रू काढली. “ओ वाफवाली!” म्हणून ते दवाखान्यासमोर ओरडत. सर्दीसाठी अँटिबायोटिक मागू नये, असा तिथला कागद कोणीतरी टराटरा फाडला.

पुढं चंपतरावांना खरंच थंडी वाजून ताप भरला, लघवीला जळजळ. पुन्हा मी, पुन्हा त्याच कॅप्सूल. ताप हलेना. ते घरातल्या घरात कळमन्याच्या हमालांना हाका मारू लागले, तेव्हा जिजाबाईंनी नवऱ्याला ऑटोत घातलं. गोपिकाबाई मला पदराखाली घेऊन मागून धावल्या.

डॉक्टरणीनं माझ्यात डोकावून पाहिलं. “अर्धवट खाऊन खाऊन जंतू मुर्दाड होतात, मावशी. मग खऱ्या वेळी गोळी चालत नाही. या वयात तर जिवावर बेततं.”

भरती करावं लागलं. तपासणीचा रिपोर्ट आल्यावर तिनंच वेगळी गोळी लिहिली, साठीच्या कितीतरी वरच्या माणसाला. हुकूम होता खरा. पण तपासल्याशिवाय गोळी लिहू नये, एवढाच.

घरी येऊन चंपतरावांना जरा बरं वाटतं न वाटतं तोच जिजाबाई उरलेली पट्टी घेऊन आमच्याकडे हजर.

“ठेव वं डब्यात. ह्यांचा ताप उतरला. कोणाच्या कामी येईन.”

गोपिकाबाईंचा हात सवयीनं माझ्याकडे आला आणि थांबला.

“परत न्या काकू. नाही खाल्ल्या तर मी येऊन तोंडात कोंबीन, सांगा काकाले.”

भिंतीपलीकडून गर्जना आली, “तू बी त्या वाफवालीची झाली काय वं?”

“झाली!”

चंपतराव आमच्याशी बोलत नाहीत. पलीकडून मुद्दाम जोरात खोकतात. जिजाबाई म्हणतात, गोळ्या मात्र शेवटपर्यंत खाल्ल्या.

आता माझ्यात सुया-दोरे आहेत. बटणं टाका, चिंध्या टाका. गोळी टाकू नका. पलीकडं खोकला सुरू झाला की मी झाकण मिटून घेतो. मिटतं तेवढं.