निद्राचार्यांची थांबलेली नाडी

हॉलमध्ये मुंगी शिरायला जागा नव्हती. सतरंज्यांवर माणसं ओळीनं आडवी, आणि मंचावर ढगळ कफनीत निद्राचार्य उताणे.

"पायाचा अंगठा सैल सोडा... गुडघा सोडा... आता रोगही सोडा," त्यांचा आवाज पाकात घोळलेला. "आम्ही नाडी थांबवतो आहोत. देहच थांबला तर रोग राहील कुठं? गोळ्या, सुया हे जागेपणीचे भ्रम!"

शिष्यानं बँकेतल्या एका साहेबांना वर बोलावून आचार्यांचं मनगट हातात दिलं. साहेबांनी चाचपलं आणि ते पांढरेफटक पडले. "नाडी नाही!" सगळीकडे टाळ्या, हुंदके.

माझी वहिनी पहिल्या ओळीत होती. लहानपणापासून मधुमेह, रोजचं इन्शुलिन. ह्या भोंदूच्या नादानं परवापासून तिनं सुई बंद केली होती. घशाला कोरड, धाप लागलेली, तरी म्हणायची, "भावजी, शुद्धी चाललीय." दादानं हात जोडले, पण दवाखान्याऐवजी ती इथं येऊन पडली. शेवटी मी तिच्या डॉक्टरीणबाईंनाच घेऊन आलो.

त्या तडक मंचावर चढल्या.

"हात लावू नका, समाधी भंगेल!" शिष्य किंचाळला.

"थांबलेल्या देहाला कसली भीती?" बाईंनी आचार्यांच्या गळ्यावर बोटं टेकवली. "इथं तर घोडा दौडतोय!" मग त्यांनी आचार्यांचा दंड धरून वर उचलला. कफनीतून रबरी चेंडू टुणकन बाहेर पडला.

"तो... साधनेचा गोळा आहे," समाधीतले आचार्य बोलते झाले.

बाईंनी तो साहेबांच्या काखेत दिला. "दाबा घट्ट. आता बघा स्वतःची नाडी."

"अहो, मीही गेलो की!" साहेब ओरडले.

"काखेतली रक्तवाहिनी दबली, म्हणून मनगटात ठोके लागत नाहीत. हृदय चालूच आहे."

"पण इथं बरं वाटतं हो," मागून कुणीतरी म्हणालं.

"वाटणारच! अंग ढिलं सोडून पडलं की मन निवतं. रोज करा, घरी करा. त्यानं इन्शुलिन मात्र तयार होत नाही."

वहिनीला उठता येईना. उचलूनच दवाखान्यात नेलं. वाचली, पण थोडक्यात.

आचार्यांनी निर्लज्जपणे भरवलेल्या पुढच्या शिबिरालाही गर्दी होतीच. दारात वहिनी उभी होती. येणाऱ्या प्रत्येकाला अडवून सांगत होती, "मनगट नको, गळा तपासा. मी मरता मरता राहिले."

काहींनी तोंड फिरवलं, काही मागे वळले. चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी हात लावून बघावा, एवढंच तर तिचं म्हणणं होतं.